तेरावं फळ

फळमाशीची अळी फळ खाते तेव्हा आवाज होतो. अळीला दात नसतात. तोंडाशी दोन काळे, वाकडे आकडे असतात. त्यांनी ती गर खरवडते आणि सुटलेला रस पिते. प्रत्येक खरवडण्यासरशी फळाची साल हलते, पण किती, तर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकी. ही हालचाल लेसरच्या किरणानं टिपता येते आणि तिचा आवाज करून ऐकता येतो. हेडफोनमध्ये तो वाळक्या पानावरून कुणी नख ओढावं तसा येतो. एक ओरखडा, मग थोडी शांतता, मग पुन्हा एक.

सातखाडी बंदरावरच्या क्वारंटाइन केंद्रात मी रुजू झाले, तेव्हा हे यंत्र यायचं होतं. तेव्हा तिथे सुरी होती, आणि ती सुरी हरिकाकांच्या हातात असायची.

त्यांचं पूर्ण नाव हरेश्वर पागधरे. हुद्दा तांत्रिक सहायक. परदेशातून पीच, प्लम, जर्दाळू, चेरी असा माल आला की प्रत्येक कंटेनरमागे वीस फळं कापायची, हे त्यांचं एकोणतीस वर्षांचं काम. कंटेनरच्या आतल्या टोकापासून दारापर्यंत वीस ठिकाणची फळं वीस ट्रेंमध्ये मांडलेली असत, आणि काका प्रत्येक ट्रेमधून एक उचलत. पीचला कडेनं एक रेघ असते. त्या रेघेवर सुरी फिरवून ते दोन्ही अर्धे उलट दिशांना पिळत. फळ उघडे आणि मधली टणक बी एका बाजूला राही. मग बीच्या भोवतीचा गर भिंगाखाली बघायचा. अळ्या बऱ्याचदा तिथेच सापडतात. कापलेलं फळ पिशवीत, पिशवी भट्टीत. खायचं नाही, घरी न्यायचं नाही.

"एकोणतीस वर्षं पीच कापतोय," पहिल्याच आठवड्यात ते मला म्हणाले होते, "पण चव कशी असते ते ठाऊक नाही."

"बाजारात मिळतं की, काका."

"मिळतं. तुझ्या काकूनं एकदा आणलं होतं. मी कापून बघितलं, बीजवळ बघितलं, भिंग आणून बघितलं. तोवर तिनं बशी उचलून शेजारी देऊन टाकली."

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, दापोलीहून कीटकशास्त्रात एम.एस्सी. करून आलेली. कागदोपत्री मी त्यांची वरिष्ठ होते. चारचौघांत ते मला 'मॅडम' म्हणत आणि टेबलावर आम्ही दोघंच असलो की लेकीला म्हणावं तसं 'बाय'. फळाची साल वाचायला मला त्यांनी शिकवलं. माशीनं अंडी घातलेली जागा टाचणीच्या टोकाएवढी असते आणि तिच्याभोवती किंचित खळगा पडतो. पुस्तकात हे एका ओळीत असतं. काकांच्या बोटाला ते सालीवरून हात फिरवतानाच कळायचं.

आम्हाला धास्ती होती ती भूमध्य फळमाशीची. ही माशी आपल्या देशात नव्हती. आली, तर तिला पीचच लागतं असं नाही. पेरू, चिकू, जाम, संत्रं, आंबा, काहीही चालतं. म्हणून निर्यात करणारा देशच फळं एक अंशाच्या खाली अठरा दिवस ठेवून पाठवतो. जहाजाचा प्रवासही त्यात मोजला जातो. त्या थंडीत अळ्या मरतात. जवळजवळ सगळ्या. दहा लाखांत बत्तीस जगल्या तरी तो उपचार यशस्वी मानतात. जगभर हाच आकडा आहे. हे सगळं मात्र कंटेनरच्या प्रत्येक कोपऱ्यात थंड हवा सारखी फिरली तर.

यंत्र माझ्या दुसऱ्या वर्षी आलं. त्याला सरकारी नाव होतं, पण काकांनी त्याचं नाव 'सूनबाई' ठेवलं. "सगळं ऐकते, बोलत काही नाही," असं ते म्हणायचे. एका बंद खोलीत वीस ट्रे, प्रत्येक ट्रेमध्ये एकशेवीस फळं, आणि प्रत्येक फळावर एक किरण. म्हणजे एका कंटेनरची दोन हजार चारशे फळं एका वेळी ऐकली जात होती, कुठलंही न कापता. एका मिनिटात पाच ओरखडे मिळाले की दिवा लाल. नाही मिळाले तर हिरवा.

एकच अडचण होती. थंडीनं बधिर झालेली अळी खात नाही, आणि न खाणारी अळी ऐकू येत नाही. म्हणून फळं आधी पंचवीस अंशांवर ठेवून अळ्यांना जागं करायला लागायचं. यंत्र बनवणाऱ्यांनी सहा तास सांगितले होते. सहा तासांत पीच मऊ पडतं. फेब्रुवारीत बंदरात चौदा-चौदा कंटेनर थांबायचे आणि आयातदारांचे फोन सुरू व्हायचे. केंद्राचे प्रमुख चौबळ सर एक दिवस मला म्हणाले, "ऋजुता, हे सहा तास कुठून आले? तू प्रयोग करून बघ ना. कमी होत असतील तर कागदावर आण."

मी केला प्रयोग. परदेशी माशी प्रयोगशाळेत पाळायला परवानगी नव्हती, म्हणून आपल्या आंब्यावरच्या फळमाशीच्या अळ्या घेतल्या. त्या अठरा दिवस थंडीत ठेवल्या, तर सगळ्या मेल्या. मग दोन दिवस ठेवल्या. बाहेर काढल्यावर सर्वांत उशिरा उठणारी अळी दोन तास चाळीस मिनिटांनी खायला लागली. चारशे अळ्या, पाच वेळा, तोच निकाल. मी तीन तास ही मर्यादा सुचवली.

चहाच्या वेळी मी आलेख दाखवला. काकांनी चष्मा कपाळावर नेला आणि कागद डोळ्यांजवळ धरला.

"तुझ्या अळ्या किती दिवस थंडीत होत्या?"

"दोन."

"आणि जहाजातल्या?"

"अठरा. पण काका, अठरा दिवस ठेवल्या तर मरतात. मेलेल्या अळीचं काय ऐकायचं?"

सगळे हसले. काकाही हसले. मग म्हणाले, "मेलेलीचं नाही गं. जी अठरा दिवस राहूनही मरत नाही, ती कशी उठते, ते बघायला हवं ना?"

प्रश्न बरोबर होता, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. आज मी असं सांगितलं नाही तर खोटं ठरेल. पण त्याचं उत्तर मिळवायला दुसऱ्या देशातल्या बंदिस्त प्रयोगशाळेला लिहावं लागलं असतं, सहा महिने गेले असते, आणि हंगाम दाराशी होता. मी अहवालाच्या शेवटी एक वाक्य घातलं: 'सुरीने होणारी तपासणी सोबत चालू राहणार असल्याने उरलेला धोका स्वीकारार्ह आहे.' वाक्य लिहून मला हलकं वाटलं होतं.

तीन तासांचा नियम लागू झाला. हंगाम सुरळीत पार पडला. मार्चअखेर काका निवृत्त झाले आणि उमरटोकला, बंदरापासून चार किलोमीटरवरच्या आपल्या घरी, झाडांत रमले. माझा निबंध एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात स्वीकारला गेला. देशातल्या आणखी नऊ बंदरांवर हे यंत्र बसवायचं ठरलं आणि त्या कामासाठी माझं नाव पुढे गेलं.

मे महिन्यात, फळमाश्यांवर नजर ठेवायला लावलेल्या, उमरटोकच्या हद्दीतल्या एका सापळ्यात तीन नर सापडले. ठिपकेदार पंख, पाठीवर काळे डाग. मी भिंगाखाली बघितलं आणि खुर्ची मागे ओढली. भूमध्य फळमाशी. आठवड्याभरात सतरा झाल्या. जवळच व्यापाऱ्यांचं गोदाम होतं आणि त्यामागे नासलेला माल टाकायचा खड्डा. जनुकांवरून कुठल्या देशाची माशी ते कळलं, त्या देशाचे फेब्रुवारीतले तीन कंटेनर निघाले, आणि तिन्हींवर यंत्राचा हिरवा दिवा होता. तिन्हींच्या नोंदवहीत काकांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'फळे कापली २०. निर्दोष.'

चौबळ सरांनी चौकशी समितीपुढे मांडलं ते साधं होतं. यंत्रानं दोन हजार चारशे फळं ऐकली, काही चुकलं असेल तर ते माणसाकडूनच. शिवाय निवृत्त माणूस. त्याच्या बाजूनं बोलायला कार्यालयात कोण असतं?

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, मी फेब्रुवारीची जुनी रेकॉर्डिंग उघडली. पाच ओरखड्यांची अट काढून टाकली. एक ओरखडा आला तरी दाखव, असं यंत्राला सांगितलं. पहिल्या दोन कंटेनरमध्ये काही नव्हतं. तिसऱ्यात, सतराव्या आणि अठराव्या ट्रेमधल्या तीन फळांवर खुणा उमटल्या. सतरा आणि अठरा म्हणजे दाराजवळचे ट्रे, जिथे हवा नीट फिरत नाही.

मी हेडफोन लावला. दोन तास एक्कावन्न मिनिटांनी एक ओरखडा. छपन्नाव्या मिनिटाला दोन. एकोणसाठाव्या मिनिटाला आणखी एक. मग रेकॉर्डिंग संपलं. अळी नुकती उठत होती.

मला काय करायचं होतं ते स्पष्ट होतं: ही फाइल समितीला पाठवायची. पाठवली असती तर काकांवरचं बालंट निघालं असतं, आणि तीन तासांचा नियम कुणाचा, हे पहिल्या पानावर आलं असतं. मी पाठवली नाही. मी स्वतःला सांगितलं की आधी खात्री करून घेऊ. हा फळ मऊ होण्याचा आवाज असू शकतो. गर सैल पडताना हवेचे बुडबुडे फुटतात. मी निरोगी पीच आणून त्यांचे आवाज ऐकले. दोन दिवसांत शंका फिटली. तरी मी आणखी ऐकत राहिले. विज्ञान शिकलेल्या माणसाला गप्प बसायला कारण लागतं, आणि 'अजून डेटा हवा' यापेक्षा सोयीचं कारण दुसरं नाही. माझे असे अकरा दिवस गेले.

नवव्या दिवशी उमरटोकमध्ये फळं उतरवायला सुरुवात झाली. नियम कडक असतात: सापळ्यापासून दीड किलोमीटरच्या आत माशीला चालेल असं एकही फळ झाडावर ठेवायचं नाही, हिरवंसुद्धा. काळ्या पिशव्यांत भरून, उन्हात तापवून, खोल पुरायचं. शेवटची माशी सापडल्यापासून दोन वर्षं फळ धरूच द्यायचं नाही. आमच्या पथकाच्या यादीत सहावं घर पागधऱ्यांचं होतं.

काकू दारातच होत्या. "या, मॅडम," त्या म्हणाल्या. त्यांनी मला पूर्वी कधी मॅडम म्हटलेलं नव्हतं. "चहा घ्याल की तोसुद्धा पिशवीत भरायचा?"

"काकू..."

"जामाचं झाड बघून घ्या आधी. पहिली टोपली दरवर्षी आळीत वाटते मी. यंदा तुम्ही वाटा खड्ड्यात."

काकांनी स्वतः शिडी आणून जामाला लावली. "माणसं नवीन आहेत, फांद्या मोडतील," असं म्हणून ते वर चढले. साठीचा माणूस, आणि जामाचं लाकूड ठिसूळ. मी शिडी धरली. ते एकेक जाम तोडून खाली देत होते आणि मी पिशवीत टाकत होते. पांढरे, घंटेसारखे, अजून आकार घेत असलेले जाम. त्यांनी एकही फेकला नाही. प्रत्येक माझ्या हातात दिला.

"समितीचं पत्र आलंय," वरून ते म्हणाले.

"हो. कळलं."

"चौबळ काय म्हणतात?"

"काही नाही. चौकशी चालू आहे."

त्यांचा हात फांदीवर थांबला. मला वाटलं, आता ते काही विचारतील, आणि विचारलं तर मी सांगेन. त्यांनाही काहीतरी बोलायचं होतं, असं त्यांच्या हाताच्या थांबण्यावरून वाटलं. मग त्यांनी पुढची फांदी ओढली. "पिशवीचं तोंड नीट बांध," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी त्यांच्या अंगणातून अकरा पिशव्या निघाल्या. पेरू, चिकू, जाम, आणि काकूंनी कुंडीत लावलेल्या मिरच्यासुद्धा, कारण माशी मिरचीतही अंडी घालते.

अकराव्या दिवशी सकाळी मी फाइल पाठवली. सोबत तीन पानी टिपण जोडलं, त्यात माझा प्रयोग, दोन दिवस आणि अठरा दिवसांतला फरक, काकांनी विचारलेला प्रश्न आणि मी दिलेलं उत्तर, सगळं होतं. दुपारी चौबळ सरांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर माझं टिपण होतं आणि शेजारी रेघांच्या कागदावरचं एक पत्र.

"तुम्ही दोघांनी ठरवून केलंत का हे?" त्यांनी विचारलं.

पत्र काकांचं होतं, आदल्या दिवशी पोचलेलं. त्यात लिहिलं होतं की फेब्रुवारीतल्या त्या तिसऱ्या कंटेनरची त्यांनी वीस फळं कापली नव्हती. बारा कापली होती. नोंदवहीत वीस लिहिलं ते खोटं होतं.

मी त्याच संध्याकाळी उमरटोकला गेले. अंगणातली झाडं ओकीबोकी दिसत होती. काका ओट्यावर बसले होते.

"बाराच का?" मी विचारलं.

"मनगट दुखत होतं. पण ते काही कारण नव्हे, त्याच मनगटानं आयुष्यभर कापली." ते सावकाश बोलत होते. "हिरवा दिवा लागलेला. सूनबाईनं दोन हजार चारशे ऐकली, मी आणखी आठ कापून काय नवं सांगणार होतो? मनात म्हटलं, ती आहे ना."

मी त्यांना अहवालातलं माझं शेवटचं वाक्य सांगितलं. सुरी सोबत आहे म्हणून धोका चालेल, असं मी लिहिलं होतं ते. त्यांनी ते दोनदा म्हणायला लावलं.

"म्हणजे तू माझ्या भरवशावर आणि मी तिच्या."

"हो."

"ट्रे कुठला निघाला?"

"सतरा आणि अठरा."

ते आतून दाराकडे कापत येत. बारावर थांबले म्हणजे दाराजवळचे आठ ट्रे राहिले. हे त्यांना माझ्याआधी कळलं.

"पण काका, कापलं असतंत तरी सापडलं असतं असं नाही. मी गणित केलंय. दोन्ही ट्रे मिळून दोनशे चाळीस फळं, त्यांत तीन किडकी, तुम्ही दोन उचलणार. चाळीसात एक शक्यता."

"शून्य नव्हती ना?"

"नाही."

"आणि हात डागाळलेल्या फळाकडे आपसूकच जातो. ते धरलंस गणितात?"

ते मी धरलं नव्हतं.

आत काकू भांडी लावत होत्या. मग काकांनी विचारलं, अगदी टेबलावर विचारायचे तशा आवाजात, "त्या दिवशी शिडी धरली होतीस, तेव्हा तुझ्याकडे ते रेकॉर्डिंग होतं?"

"होतं."

"किती दिवस?"

"नऊ."

त्यांनी मान हलवली. "माझ्या बाराचं मलाही माहीत होतं," ते म्हणाले. "मी वर, तू खाली, आणि दोघंही जाम मोजत होतो." मग ते उठून आत गेले. त्यांनी मला जा म्हटलं नाही, आणि थांब असंही म्हटलं नाही. मी थोडी थांबून निघाले.

पुढचं थोडक्यात सांगते. परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं आमच्या विनंतीवरून तो प्रयोग केला, जो आधी व्हायला हवा होता. अठरा दिवसांच्या थंडीतून वाचलेली अळी पाच ते आठ तासांनी उठते. म्हणजे यंत्र बनवणाऱ्यांचे सहा तासही पुरे नव्हते. नियम आता नऊ तासांचा आहे, आणि सुरी चालवणाऱ्याला यंत्राचा निकाल आधी कळू द्यायचा नाही, असंही त्यात आहे. हे दुसरं कलम मी सुचवलं. निबंध मी मागे घेतला. नऊ बंदरांचं काम दुसऱ्याकडे गेलं आणि मी सापळ्यांच्या फेरीवर आले. काकांना खोट्या नोंदीबद्दल लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी चौकट करून भिंतीवर लावली, असं काकूंनी कुणाला तरी सांगितलं. ते खरं की टोमणा, मला माहीत नाही.

अडीच वर्षं दर पंधरवड्याला मी उमरटोकचे सापळे तपासत होते. एक सापळा काकांच्या कुंपणालाच होता. ते अंगणात असले तर 'आहे का काही?' विचारत, मी 'नाही' म्हणे, आणि ते वळत. मला 'बाय' म्हणणं त्यांनी सोडलं होतं.

गेल्या डिसेंबरात निर्बंध उठले. नोटीस डाकेनं गेली असती, पण मी स्वतः घेऊन गेले. काकूंनी वाचली, घडी घातली आणि त्या परसात गेल्या. पेरूला फळ धरलं होतं. पथक ते पुढच्या आठवड्यात उतरवणार होतं, आता उतरवायचं कारण नव्हतं. त्या सुपात पेरू घेऊन आल्या.

"धुऊन आणलेत. खा दोघं."

काकांनी सुरी मागितली. ओट्यावर कागद अंथरला, सूप जवळ ओढलं आणि पहिला पेरू हातात घेऊन त्याच्यावरून बोट फिरवलं. मग कापला, दोन्ही अर्धे उघडले, उजेडाकडे धरले.

"तेरा," ते म्हणाले.

मला कळायला क्षणभर लागलं.

दुसरा पेरू. "चौदा." त्यांचा हात पूर्वीसारखा वेगात नव्हता, मध्येच थांबून ते मनगट चोळत होते. मी न सांगता कापलेल्या फोडी कागदावर ओळीनं मांडत गेले, टेबलावर मांडायचो तशा. पंधरा. सोळा. सतराला ते थांबले, आणि तो पेरू त्यांनी बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ बघितला. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी या खेपेला टोमणा मारला नाही.

"वीस," म्हणून काकांनी सुरी पुसली.

आठही पेरू आतून स्वच्छ होते. तरी त्यांनी एकेक फोड पुन्हा उचलून पाहिली, आणि सगळ्या पाहून झाल्यावर, माझ्याकडे न बघता, एक माझ्यापुढे सरकवली.